नऊ नंबरला बॉल येत नाही

३ ऑगस्ट, रविवार
०-२. हरलो. म्हणजे संघ हरला. मी माझ्या जागी होतो.

या सीझनमधले सामने: चार. माझे गोल: शून्य. हा आकडा ठळक अक्षरांत लिहिलाय, कारण हा माझा आकडा नाहीच. हा व्यवस्थेचा आकडा आहे. नळाला पाणी नसेल तर शहाणी माणसं तोटीला दोष देत नाहीत. स्ट्रायकर ही तोटी आहे, मित्रहो. टाकी कुठे आहे, पाइप कुठे फुटलाय, हे विचारा.

(‘मित्रहो’ लिहिलं गेलं. ही डायरी आहे, इथे श्रोते नाहीत. सवय.)

तसे श्रोते कुठेच उरलेले नाहीत. एक मे रोजी आमच्या बेंगळुरूच्या मराठी मंडळात मी ‘महाराष्ट्राचा वैचारिक दुष्काळ’ या विषयावर पंचावन्न मिनिटं बोललो. मसालेभात थंड झाला. दुसऱ्याच आठवड्यात कमिटीने ठराव केला: यापुढे माइक फक्त अध्यक्षांकडे. अध्यक्ष खंडोजीअण्णा, मल्लेश्वरममध्ये साठ वर्षं काढलेले, गोड आवाजात म्हणाले, श्रीरंग, तुम्ही बोलता छान, पण स्वल्प कमी बोला. पंचावन्न मिनिटं हे स्वल्पच होतं. मूळ भाषण दोन तासांचं होतं.

पण ठरावात एक फट राहिली. मंडळाचा फुटबॉल संघ सुरू झाल्यापासूनची प्रथा आहे की नोव्हेंबरच्या स्नेहसंमेलनात सीझनमध्ये सर्वांत जास्त गोल करणारा दहा मिनिटं बोलतो. गेल्या वर्षी हा मान अद्वैतला मिळाला. तो म्हणाला, थँक यू, जेवण छान आहे. जेवण अजून व्हायचं होतं.

यंदा मी बोलणार. मी संघाचा स्ट्रायकर आहे, नऊ नंबर माझ्या पाठीवर आहे, बारा सामने शिल्लक आहेत. भाषण तयार आहे. फक्त गोल बाकी आहेत.

५ ऑगस्ट, मंगळवार
अभ्यास सुरू. युरोपात अमुक कोटींचा स्ट्रायकर क्लब बदलतो आणि नव्या क्लबात सहा महिने बेंचवर बसतो. पाय तेच, बूट तेच, बायको तीच. बदललं काय? सिस्टम. जुन्या क्लबात त्याला बॉल पायाशी मिळत होता, नव्यात डोक्यावर मिळतो. हे जगातल्या प्रत्येक अभ्यासकाला कळतं, आमच्या कॅप्टनला कळत नाही.

कॅप्टन भीमसेन. बेळगावचा. राजाजीनगरात त्याचं लेथ मशीनचं वर्कशॉप आहे. फुटबॉलचं एकही पुस्तक त्याने वाचलेलं नाही, हे तो अभिमानाने सांगतो.

जेवताना सुचेताला सगळं समजावलं. ती सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दहा वर्षांच्या संसारात तिने माझ्यातले जे दोष काढलेत ते सगळे ‘रिप्रोड्यूस’ करून, म्हणजे पुन्हा घडवून, दाखवलेत. ती म्हणाली, सोपं आहे. बाकी सगळं काढून टाक. डिफेन्स नाही, गोलकीपर नाही, पास देणारा नाही. रिकाम्या गोलसमोर दहा बॉल ठेव आणि मार. किती जातात ते मोज. मग सिस्टमवर बोलू.

मी म्हणालो, हे म्हणजे वक्त्याला रिकाम्या सभागृहात बोलायला लावण्यासारखं आहे. ती म्हणाली, ते तर तू रोज बाथरूममध्ये करतोस.

टेस्ट फेटाळली. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१० ऑगस्ट, रविवार. सकाळी दहा
१-१. आमचा गोल अद्वैतने केला. चांगला पोरगा, नागपूरचा, कोरमंगलाच्या पीजीत राहतो, वाऱ्यासारखा पळतो. पण विचार नाही. त्याच्या समोर गोल दिसला आणि त्याने मारला. मी मोकळा उभा होतो.

दुसऱ्या हाफमध्ये त्याने मला एक पास दिलाही. गोलपासून तीन पावलांवर. गोलकीपर पडलेला. बॉल माझ्या गुडघ्याला लागून बाहेर गेला. कारण स्पष्ट आहे: बॉल गुडघ्याच्या उंचीवर आला. पायाच्या उंचीवर यायला हवा होता.

नंतर नेहमीप्रमाणे सगळे दर्शिनीत उभ्याने इडली-वडा खात होतो. मी हे उंचीचं सांगितलं. अद्वैत म्हणाला, दादा, मी देऊन तर राहिलो ना बॉल, आता तुमच्या घरी आणून देऊ का. भीमसेन हसला नाही. त्याने चटणी परत मागून घेतली आणि म्हणाला, सर, बॉल येऊलालाय, तुम्ही कुणीकडं बघूलालाय?

मी खेळाचं समग्र चित्र बघत होतो. हे त्याला कसं सांगणार.

१३ ऑगस्ट, बुधवार
ग्रुपवर प्रेझेंटेशन टाकलं. त्रेचाळीस स्लाइड. ऑफिसात मी डिलिव्हरी मॅनेजर आहे. एखादं काम का फसलं याचं मूळ कारण शोधणं हा माझा धर्म आहे. गेल्या पाच सामन्यांत मला मिळालेले बॉल: एकवीस. त्यांपैकी योग्य उंचीवर: दोन. योग्य वेगाने: एक. योग्य उंचीवर आणि योग्य वेगाने: शून्य. म्हणजे गोल शून्य, हे गणिताने सिद्ध होतं. शेवटच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत: स्ट्रायकर हा परिणाम आहे, कारण नव्हे.

१३ ऑगस्ट. संध्याकाळी
प्रतिक्रिया: दोन अंगठे. खंडोजीअण्णांनी लिहिलं, फाइल उघडत नाही, फोटो काढून पाठवा. परसूने गुलाबाच्या फुलासकट शुभ संध्याकाळ पाठवली.

परसू आमचा लेफ्ट बॅक. खानापूरकडचा, भीमसेनच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवतो. वय चव्वेचाळीस. पोट त्याच्या आधी मैदानात येतं. अशा माणसांच्या जिवावर मी गोल करायचे.

१७ ऑगस्ट, रविवार
विजय. ०-१ ने हरलो, पण तत्त्वाचा विजय. भीमसेनने माझं पहिलं सुधारणा-कलम मान्य केलं: अद्वैतने स्वतः गोल मारायचा नाही, कडेने पळायचं आणि मला क्रॉस द्यायचे.

त्याने अकरा क्रॉस दिले. अकराही वेळा मी तिथे होतो. अकराही वेळा बॉलही तिथे होता. फक्त आम्ही एकाच वेळी तिथे नव्हतो.

अद्वैतचे या सीझनमध्ये सहा गोल होते. आज नाराज दिसला. व्यवस्था बदलताना प्रस्थापितांना त्रास होतोच. इतिहास साक्ष आहे.

१८ ऑगस्ट, सोमवार
संकल्प. रोज पहाटे साडेपाच, दोन किलोमीटर धावणे. साखर बंद. व्हिडिओ पाहून फिनिशिंगचा सराव.

१९ ऑगस्ट, मंगळवार
पाऊस.

२० ऑगस्ट, बुधवार
पाऊस नाही. पण रस्ता ओला होता. व्हिडिओ पाहिले. चार तास. मांड्या दुखतायत, म्हणजे मनाचा व्यायाम शरीरापर्यंत पोचतो हे खरं.

२४ ऑगस्ट, रविवार
०-३. मल्लेश्वरमच्या ज्येष्ठांच्या संघाकडून. त्यांच्या सेंटर बॅकने हाफटाइमला बीपीची गोळी घेतली. मी पाहिलं.

आज सुधारणा-कलम दोन होतं: भीमसेनने मागून उठून थेट माझ्या पाठीशी यायचं, म्हणजे मला बॉल पायाशी मिळेल. मिळाला. सात वेळा. पण पाठीशी माणूस आहे ही जाणीव स्ट्रायकरवर मानसिक दडपण आणते, हे कोणत्याच पुस्तकात कसं नाही याचं नवल वाटतं. आणि भीमसेन पुढे आल्यावर मागे मोठं भगदाड पडलं. त्यातून तीन गोल झाले. म्हणजे तोही माझा दोष नाही.

दर्शिनीत भीमसेन म्हणाला, सर, मी पुढं आलो म्हणून तीन खाल्ले की ओ. मी म्हणालो, क्रांतीची किंमत असते. तो म्हणाला, होय, पण ती परसू देऊलालाय, एकटाच मागं पळून पळून. परसू म्हणाला, माझं काय नाही, स्वल्प दम लागतोय.

३० ऑगस्ट, शनिवार
मंडळाचा गणपती. मला प्रसाद वाटपाला ठेवलं होतं. माइकपासून सर्वांत लांबच्या टेबलावर, हा योगायोग समजावा अशी अपेक्षा असावी.

सातच्या आरतीनंतर कुणाची तरी पांढरी गाडी गेटसमोर लागली होती. खंडोजीअण्णांना पायऱ्या चढायच्या नव्हत्या, म्हणून त्यांनी मला सांगितलं, तेवढी घोषणा करा. मी माइक घेतला. गाडीचा नंबर सांगितला. मग एक गाडी चुकीच्या जागी उभी राहिली की सगळी व्यवस्था कशी अडते, यावर दोन शब्द बोललो. तिथून व्यक्ती आणि व्यवस्था. तिथून स्ट्रायकर. सहाव्या मिनिटाला वीज गेली.

पंखे मात्र चालू होते. दिवेही. बेंगळुरूची वीज हा वेगळा विषय आहे.

७ सप्टेंबर, रविवार
१-२. गोल अद्वैतचा. त्याने माझ्या नियमाचा भंग करून मारला. त्याला समज दिली.

आज मी नवे बूट घातले होते. शिवाय भीमसेनला सांगून बॉल बदलून घेतला (जुना जड होता), मिडफिल्ड बदलली, सामन्याची वेळ सातवरून आठ करून घेतली (साडेसातपर्यंत ऊन डोळ्यांवर येतं) आणि सरावात सगळ्यांकडून तीन तास फक्त मला पास देण्याचा रियाज करून घेतला.

सुचेता बघायला आली होती. परतताना ऑटोत म्हणाली, अरे, टेस्टिंगचा पहिला नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तू बूट, बॉल, वेळ आणि सहा माणसं एकदम बदललीस. मी विचारलं, मग काय बदलायचं राहिलं? ऑटोवाला आरशातून माझ्याकडे बघून हसला. त्याला मराठी येत नसावी.

१४ सप्टेंबर, रविवार
आजची घटना नीट नोंदवून ठेवतो, उद्या कुणी विपर्यास करू नये.

शेवटची दहा मिनिटं. ०-०. पेनल्टी मिळाली. अद्वैतने बॉल उचलला. मी तो त्याच्या हातातून घेतला. पेनल्टी म्हणजे बारा महिन्यांच्या वैचारिक मांडणीनंतर शेवटी जनता मतपेटीपाशी येते तो क्षण. तो क्षण नऊ नंबरचाच.

भीमसेन जवळ येऊन म्हणाला, सर, सावकाश. फक्त आत ढकला. मी म्हणालो, काळजी नको.

बॉल बारच्या वरून गेला. टर्फच्या मैदानाभोवतीच्या जाळीच्याही वरून गेला. पलीकडच्या घराच्या गच्चीवर गेला, तिथे एका आजींनी पांढऱ्या कापडावर संडिगे, म्हणजे आपले सांडगे, वाळत घातले होते. त्यांत पडला. आजी कठड्याशी आल्या आणि कन्नडमधून एक छोटं भाषण केलं. सुंदर बोलल्या. आवाजाची फेक, थांबे, सगळं जागच्या जागी. परसूने मध्ये पडून माफी मागितली. आजी म्हणाल्या, सरी, म्हणजे ठीक आहे, बॉल पुढच्या रविवारी मिळेल. दुसऱ्या बॉलमध्ये हवा कमी होती. सामना तिथेच बरोबरीत सोडवला.

आता मुद्दा. पेनल्टीत सिस्टम नसते, असं भीमसेन दर्शिनीत म्हणाला. साफ चूक. पेनल्टी घेणाऱ्याला संघाचं मानसिक पाठबळ लागतं. ‘सावकाश’ म्हणणारा कॅप्टन म्हणजे अविश्वास दाखवणारी व्यवस्था.

सुचेताने घरी आल्यावर फक्त विचारलं, दहा बॉलचं काय ठरलं? मी म्हणालो, विषय संपलाय.

२१ सप्टेंबर, रविवार
०-०. पण आज जे पाहिलं ते पाहून डोळे भरून आले. माझी सिस्टम जन्माला आली. सात आठवड्यांच्या रियाजानंतर परसूकडून बॉल भीमसेनकडे, भीमसेनकडून अद्वैतकडे, अद्वैतकडून बरोबर गोलसमोर, पायाच्या उंचीवर, हव्या त्या वेगाने. घड्याळासारखं. पाच वेळा. बंगाली असोसिएशनचे लोक कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना फुटबॉल कळतो. त्यांचा कॅप्टन मला म्हणाला, दादा, इतना सुंदर मूव्ह, लेकिन आगे कोई नहीं है.

मी तिथेच होतो. माझ्याशीच बोलत होता.

भीमसेनने आज मला बाजूला घेतलं. म्हणाला, सर, राग येऊ देऊ नका. आमच्या शॉपमध्ये लेथवरचा जॉब चुकला की पहिल्यांदा आम्ही माल बघतो. माल बरा असंल तर मशीन बघतो. मशीन बरं असंल तर ऑपरेटर. ते सगळं बरं असलं की मग टूलचं टोक काढून नवीन लावतो. एक मिनिटाचं काम असतंय. मी विचारलं, याचा फुटबॉलशी काय संबंध? तो म्हणाला, पुढचा रविवार बघू.

कामगार माणसांच्या म्हणींत खोल अर्थ असतो, पण तो प्रसंगाला जुळतोच असं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
०-१.

मिळालेल्या संधी: सहा. खुलासे पुढीलप्रमाणे. पहिली: बुटाची नाडी. दुसरी: बॉलने टप्पा घेतला. तिसरी: घेतला नाही. चौथी: गोलकीपर ओरडला, हे खेळभावनेला धरून नाही. पाचवी: मी मारला, जोरात मारला, पण पाय बॉलला लागला नाही, हे तंत्रातलं नव्हे, अंतरातलं न्यून आहे. सहावी: त्या वेळी मी भाषणाचा शेवट मनात जुळवत होतो. सापडलाही. उत्तम शेवट आहे.

दर्शिनीत भीमसेन शांतपणे म्हणाला, माल बदलला, मशीन बदललं, ऑपरेटर बदलला. पुढच्या मॅचला परसू पुढं उभारतोय. सर, तुम्ही कडेला बसून सिस्टम बघा.

परसू वडा खाता खाता थांबला. म्हणाला, भीमसेनअण्णा, मी? मला पळायचं जमत नाही की. भीमसेन म्हणाला, तुला पळायचंच नाही. सरांनी सगळं बसवलंय. तू नुसता तिथं उभारायचं.

१ ऑक्टोबर, बुधवार
विचारांती मला हा निर्णय बढती वाटतो. नाटकात लेखक स्टेजवर नसतो.

शिवाय हा प्रयोग माझ्या सिद्धांताच्या दृष्टीने आदर्श आहे. परसूला गोल करता येणार नाहीत हे उघड आहे. मग सिद्ध होईल की सिस्टम अजून कच्ची आहे, आणि इतके दिवस मी कच्च्या सिस्टममध्ये एकाकी झुंजत होतो. मग मला परत बोलावतील. तेव्हा मी लगेच हो म्हणणार नाही. एक रविवार थांबायला लावीन.

५ ऑक्टोबर, रविवार
४-०. परसू: तीन.

पहिला पायाने. दुसरा त्याला लागून. तिसरा पोटाने.

१२ ऑक्टोबर, रविवार
३-१. परसू: दोन. एकूण पाच.

सिद्धांत सिद्ध झाला. संपूर्ण, निर्विवाद. ऑगस्टपासून मी जे कंठशोष करून सांगत होतो तेच आज मैदानावर दिसतंय: सिस्टम बरोबर असेल तर स्ट्रायकर कुणीही असो, गोल होतात. परसूसुद्धा गोल करतो. लेथवाला, चव्वेचाळीस वर्षांचा, दम लागणारा परसू. कुणीही.

हे दुपारी सुचेताला वाचून दाखवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, ‘कुणीही’च्या पुढे एक स्टार काढ आणि खाली तळटीप दे.

कसली तळटीप, ते मी विचारलं नाही. 

२० ऑक्टोबर, सोमवार
दिवाळी. काल सामना नव्हता. भीमसेनला फराळाच्या निमित्ताने घरी बोलावून मागणी मांडली. आता सिस्टम पक्की आहे. कुणीही गोल करू शकतो हे मीच सिद्ध केलंय. त्या ‘कुणीही’मध्ये मीही येतो. तर्काने येतो. चार सामने राहिलेत, एकूण पाच गोलांचा प्रश्न आहे, परसूला मी सहज गाठतो.

त्याने चकली तोडली. बराच वेळ चावली. म्हणाला, उरलेत तीन, सर. चार नव्हे. पण आपण पाच-शून्य पुढं असलो तर बघू.

२६ ऑक्टोबर, रविवार
अर्ध्या तासात ५-० झालं. परसूचे दोन. भीमसेन शब्दाला जागला. मला शेवटची वीस मिनिटं दिली.

सगळं जसंच्या तसं होतं. परसू, भीमसेन, अद्वैत, पायाच्या उंचीवर बॉल. एकच गोष्ट बदलली होती.

निकाल: ५-०.

त्यांचा गोलकीपर फॉर्मात आला होता. (त्याने एकही बॉल अडवला नाही हे खरं आहे. पण फॉर्मात होता.) मी बाहेर आल्यावर परसूने मला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, सर, तुम्ही लई विचार करतासा. बॉल येतोय तिकडं बघायचं सोडून बॉल का येतोय ते बघतासा. मी म्हणालो, तोच तर बुद्धिजीवी आणि श्रमिक यातला फरक आहे. तो म्हणाला, असंल की. पाणी प्या.

९ नोव्हेंबर, रविवार
सीझन संपला. परसू: गेल्या रविवारी एक, आज तीन. एकूण अकरा. अद्वैत: सात. श्रीरंग: सिस्टम.

ही शेवटची नोंद भीमसेनने ग्रुपवर टाकलेल्या तक्त्यात अशीच आहे. उपहास असेल तर मला जाणवला नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
परसूचा फोन. सर, ते माइकवर बोलायचं हाय म्हणे. मला कधी जमलं नाही. पेनल्टी मारतो पण ते नको. तुम्ही लिहून देतासा का?

मित्रहो, इतिहासात असे क्षण येतात. शब्द माझे, कंठ त्याचा. तोटी कुठलीही असो, पाणी माझं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
चौदा पानं. सव्वादोनशे ओळी. परसूला वर्कशॉपवर नेऊन दिली. कुठे थांबायचं, कुठे उजवा हात वर करायचा, ते लाल पेनाने खुणा करून दिलंय. एकदा वाचून घेतलं. ‘अधिष्ठान’पाशी अडखळला. तो शब्द काढला नाही. श्रोत्याने वर यायचं असतं.

२३ नोव्हेंबर, रविवार
स्नेहसंमेलन. सभागृह भरलेलं. दीडशे माणसं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो, कागद न बघता ओठ हलवता येतील अशा बेताने.

परसू इस्त्रीचा शर्ट घालून आला. माइकपाशी उभा राहिला. खिशातून चौदा पानं काढली. बघितली. परत खिशात ठेवली. म्हणाला:

नमस्कार. सरांनी मला लिहून दिलंय, ते लई चांगलं हाय, ज्यांना पाहिजे त्यांनी माझ्याकडनं घ्या आणि घरी वाचा. मला बोलायचं एवढंच हाय की बॉल माझ्यापर्यंत आणून द्यायची सगळी व्यवस्था श्रीरंग सरांची. मी नुसता उभारलो. माझ्या जागी कोण पण असतं तर गोल झाला असता. सरांसाठी टाळ्या वाजवा.

टाळ्या झाल्या. खऱ्या. लांब. मागच्या रांगेत कुणी उभंही राहिलं. मे महिन्यापासून मी ज्याची वाट बघत होतो ते हेच, आणि वाक्यही जवळजवळ माझंच, पान सहा, ओळ चार. फक्त ‘कोण पण’ म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग अपराध्यासारखी मान खाली घातली. शेजारी अद्वैत खोकला. त्याच्या शेजारचा खोकला. बघता बघता पूर्ण रांगेला खोकला झाला.

मी आभाराचे दोन शब्द बोलायला उठलो. खंडोजीअण्णांनी माइक हातात घेऊन जाहीर केलं, मसालेभात गरम आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार
नोंद नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार
नऊ नंबरची जर्सी धुऊन परसूला दिली. पोटावर घट्ट होते. म्हणाला, सर, तुमच्याकडंच असू दे, मी साधी घालतो. नको म्हणालो.

रात्री भात वाढताना मीच सुचेताला विचारलं, उद्या सकाळी टर्फ रिकामं असतं का?

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी साडेसहा
डिफेन्स नाही. गोलकीपर नाही. क्रॉस नाही, पास नाही, कॅप्टन नाही. श्रोते नाहीत. सुचेता एकेक बॉल ठेवत होती आणि बोटांवर मोजत होती. घाई केली नाही. हसली नाही.

बॉल: दहा.

गोल: दोन.

वारा होता.